मदत हवी आहे: अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी सहीच केली नाही तर विधेयकाचं काय होतं?

कोरी पाटी
अमेरिकी राज्यघटनेवर टिपण काढताना गाडी अडली आहे. एका ठिकाणी वाचलं की दहा दिवसांत सही झाली नाही तर विधेयक आपोआप कायदा होतं. दुसरीकडे नेमकं उलट, आपोआप बारगळतं म्हणे. खरं कुठलं? आणि व्हेटो (राष्ट्राध्यक्षांचा नकार) मोडायला लागणारं दोन तृतीयांश म्हणजे नक्की किती मतं? जाणकारांनी सांगावं.

कलमकसाई
दोन्ही खरं. पहिल्या कलमाचा सातवा विभाग नीट वाचा. मुदत संपताना काँग्रेसचं (म्हणजे अमेरिकी संसदेचं) कामकाज चालू असेल, तर सहीविना कायदा होतो. पण काँग्रेसच्या तहकुबीमुळे विधेयक परत पाठवायला जागाच उरली नाही, तर ते संपलं. हाच पॉकेट व्हेटो. काहीच परत आलेलं नसतं, त्यामुळे तो मतदानाने मोडता येत नाही. नवं विधेयक आणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दिवस मोजताना बरेच जण चुकतात. मोजणी विधेयक संमत झाल्यापासून नाही, ते राष्ट्राध्यक्षांकडे पोचल्यापासून. पोचल्याचा दिवस धरायचा नाही, रविवार वगळायचे. इतर सुट्ट्या मात्र धरायच्या. शुक्रवारी पोचलं तर दहावा दिवस पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी येतो.

अधल्यामधल्या छोट्या सुट्टीत पॉकेट व्हेटो चालतो का, हा जुना तंटा आहे. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी एकट्या सिनेटने तीन दिवसांची सुट्टी घेतली आणि विधेयक स्वीकारायला तिचा सचिव हजर असला, तर परत पाठवायची वाट बंद होत नाही. म्हणून काही राष्ट्राध्यक्षांनी पॉकेट व्हेटो जाहीर करूनही विधेयक परत धाडलं आहे. दोन्ही डगरींवर हात!

कोरी पाटी
धन्यवाद! मतांचा आकडा २९० आणि ६७ असा लिहू का?

कलमकसाई
तसा लिहू नका. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सिनेटच्या १०० सदस्यांपैकी सगळ्यांनी मत दिलं तरच तो आकडा. गणपूर्ती (किमान हजेरी) असली की मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश पुरतात. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावावरचा निक्सन यांचा व्हेटो प्रतिनिधिगृहाने २८४ विरुद्ध १३५ मतांनी मोडला. ४१९ जणांनी मत दिलं, म्हणजे २८० पुरेशी होती. सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८. क्रमही लक्षात ठेवा: विधेयक जिथे सुरू झालं त्या सभागृहाकडे ते आक्षेपांसह आधी जातं. तिथेच पडलं तर दुसऱ्याकडे जायचा प्रश्न नाही.

कोरी पाटी
नको असलेली तेवढीच तरतूद खोडता येते का? आणि घटनादुरुस्तीला सही लागते?

उंबरठा
खोडता येत नाही. विधेयक घ्यायचं तर अख्खं, नाकारायचं तर अख्खं. १९९६ च्या कायद्याने खर्चाच्या सुट्या बाबी रद्द करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ असा घटनाबाह्य ठरवला. कारण साधं: दोन्ही सभागृहांनी संमत केलेला मजकूर एकट्याने बदलणं म्हणजे कायदा करणं, आणि ते काम काँग्रेसचं.

घटनादुरुस्ती राष्ट्राध्यक्षांकडे मंजुरीला जातच नाही, हे १७९८ पासून ठरलेलं आहे. काँग्रेसने सुचवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग ५० पैकी ३८ राज्यांची संमती.

टिपणात भारताशी तुलना असेल तर घोळ करू नका. आपल्या १११ व्या अनुच्छेदात दिवसांची मुदतच नाही, त्यामुळे 'दहा दिवसांत आपोआप' हा प्रकार इथे नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक तेव्हाचे राष्ट्रपती झैलसिंग यांनी ना सही केलं, ना परत पाठवलं. त्यालाही पॉकेट व्हेटो म्हणतात, पण तिथे संसदेच्या तहकुबीचा संबंध नव्हता.