शब्दचर्चा: भेंड, गाभा आणि ‘दुय्यम’ रान

रानवाट: कोकणात तोड झाल्यावर पुन्हा उभं राहणाऱ्या रानावर माहितीपत्रक लिहितेय. ‘सेकंडरी फॉरेस्ट’ला सगळे ‘दुय्यम वन’ म्हणतात. ऐकून रेशनचा तांदूळ आठवतो. शिवाय ‘पिथ’ आणि ‘हार्टवुड’ दोन्हींना ‘गाभा’ लिहिलं, तर एका बुंध्यात दोन गाभे झाले!

करवत: पिथ म्हणजे भेंड. कोवळ्या फांदीच्या मधोमध असतं ते मऊ, पांढरं. झाड कितीही जाड होवो, भेंड तेवढंच राहतं. त्याभोवतीचं मेलेलं, बहुधा रंग चढलेलं लाकूड म्हणजे हार्टवुड, पुस्तकी मध्यकाष्ठ. बाहेरचं फिकं, पाणी वाहून नेणारं ते रसकाष्ठ. वाशाजोगा कोवळा साग कापून बघा, फिकंच जास्त निघतं आणि कीडही आधी तिथेच लागते. ‘गाभा’ मध्यकाष्ठालाच ठेवा.

रानवाट: म्हणजे बाशिंगाचं भेंड तेच ना?

पानगळ: गंमत तिथेच आहे. नाव भेंड, पण त्या पाणथळीतल्या झाडाचं पांढरंशुभ्र खोड शास्त्राच्या हिशेबाने लाकूडच! लोकांनी मऊपणा पाहिला आणि नाव दिलं. असो. ‘दुय्यम’ऐवजी मी ‘फुटव्याचं रान’ म्हणते.

करवत: सगळीकडे नाही चालणार, ताई. ऐन, किंजळ तोडले की खुंटाला फुटवे येतात, एकेका खुंटावर चार-पाच सोट, मुळं मात्र जुनीच. उघड्या जागेत बी पडून चांदाडा उगवतो, तो फुटवा नव्हे. वाढ झपाट्याची, लाकूड हलकं. दोन्हींना धरून ‘पुन्हा वाढलेलं रान’ म्हणा. लांबलं तर लांबलं.

रानवाट: पटलं. आणि ‘कॅनपी’, म्हणजे झाडांच्या शेंड्यांचं वरचं आच्छादन? छत, छत्र, की मांडव?

पानगळ: छत नको, त्यातून ऊन येत नाही. जुन्या सदाहरित रानाला मजले असतात: वर उंच झाडं, खाली मधली, त्याखाली झुडपं. सरसकट तोडलेलं रान मात्र बरोबरीनं उठतं, बरीच वर्षं एकच मजला. वर पानं भिडलेली, खाली कवडसे, त्यात करवंदीची जाळी. मला तो मांडवच दिसतो.

करवत: मांडव माणसं घालतात हो. ‘छत्र’ लिहा.

रानवाट: पत्रक गावात वाटायचंय. मांडवच लिहिते.