घड्याळ लावून डिजिटल स्केच : तुमची पद्धत काय, बिघडतं कुठं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मोबाइलवर किंवा टॅबवर हौसेनं चित्रं काढणारे बरेच जण आता घड्याळ लावून स्केच करतात आणि एकमेकांना पाठवतात. पण शेरा 'मस्त', 'भारी'च्या पुढं सरकत नाही आणि पाठवलेलं चित्र समोरच्याला निम्मं पुसट दिसतं. वेळ कशी वाटता, ब्रश कुठला घेता, चुकतं कुठं आणि दुसऱ्याच्या चित्रावर बोलता कसं, ते लिहा. स्वतःची कहाणी नको, कामाचं लिहा.

टिळकवाडीहून

अर्ध्या तासाची वाटणी अशी: ३० सेकंदांची १० स्केचं, १ मिनिटाची ५, ५ मिनिटांची २ आणि शेवटी १० मिनिटांचं एक. दोन चित्रांमध्ये ३ सेकंदांची फट ठेवा. सगळी मिळून मिनिटभरसुद्धा वाढत नाही, पण पोझ नीट बघून मग हात उचलता येतो.

३० सेकंदांत चेहरा नाही, बोटं नाहीत. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत एक वाकती रेघ, मग खांद्याची तिरकी, कमरेची तिरकी आणि ज्या पायावर भार आहे तो पाय. एका पायावर भार टाकून उभ्या माणसाचा खांदा आणि कंबर बहुधा उलट बाजूंना कलतात. दोन्ही रेघा समांतर काढल्या की माणसाचा खांब झालाच.

ब्रश एकच, पूर्ण गडद. २००० बाय २००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर चार चौकोन पाडले तर ८ ते १२ पिक्सेलची रेघ पुरते. याहून बारीक घेतली की हात आपोआप तपशिलात शिरतो. अनडू (काढलेली रेघ मागं घेणारं बटण) वापरायचंच नाही. एकदा मागं जाऊन तीच रेघ पुन्हा ओढायला ३-४ सेकंद लागतात. तीनदा केलं की ३० पैकी १० गेले, आणि तिसरी रेघ पहिलीपेक्षा बरी असते असंही नाही.

रेघ गुळगुळीत करणारा स्टॅबिलायझर या वेळेत बंद ठेवा. तो जोरात असला की रेघ पेनाच्या मागून येते, घाईत ओढलेला बाक सपाट होतो, आणि दोष हाताचा वाटतो. क्रिता हे कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ब्रश टूलच्या 'टूल ऑप्शन्स'मध्ये तो काढता येतो. मोबाइलच्या ॲपमध्ये शून्यावर आणा.

खानापूरहून

मोबाइलवर काढणाऱ्यांसाठी. रबरी टोकाच्या स्वस्त पेनाला दाब कळत नाही. ॲपमध्ये दाबाची खूण दिसली तरी रेघ एकाच जाडीची येणार. म्हणून दोन ब्रश जवळ ठेवा, एक ६ चा, एक २० चा. भाराच्या बाजूला जाड, बाकी बारीक.

तळहात काचेला लागला की मध्येच रेघ उमटते. जुन्या सुती मोज्याचा तुकडा करंगळीवर आणि तळहाताच्या कडेला चढवा, एकेरी पुरला नाही तर दुहेरी. आपल्याकडच्या पावसात तर हात कायम दमट, आणि ओल्या काचेवर पडदा नको तिथं स्पर्श धरतो. शेजारी कोरडं फडकं ठेवा. पावसात लाईटचा भरवसा नाही, त्यामुळं कॉम्प्युटरवर काढत असाल तर आपोआप सेव्ह होण्याचा वेळ ५ मिनिटांवर ठेवा.

आणि फोटोवरूनच कशाला काढायचं? कामातला माणूस तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. खानापूरला मातीकाम आहे, वडगाव-शहापूरला माग आहेत. आधी विचारा, मग बसा. चाकावर मडकं उठवणारा माणूस काढताना बहुतेकांची एकच चूक होते: मडकं टेबलावर ठेवल्यासारखं उंच आणि हात हवेत. चाकाशी बसलेल्याचे कोपर मांडीला किंवा गुडघ्याला टेकलेले असतात, त्या टेकूवरच बोटं स्थिर राहतात. खांदे पुढं, मान खाली. म्हणून आधी कोपर ते गुडघा हा त्रिकोण मांडा, मडकं सगळ्यात शेवटी. २ मिनिटांत बसतं. हात हलले तर थांबा, फेरी पुरी झाली की त्याच जागी परत येतात.

निपाणीहून

पाठवण्याबद्दल एवढंच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकलं की तो दाबून लहान करतो, बारीक पेन्सिलरेघ आधी मरते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पीएनजी फाइल करताना मागं पांढरा लेयर (थर) आहे ना, बघा. पार्श्वभूमी पारदर्शक राहिली आणि समोरच्याचा फोन डार्क मोडवर असला की काळ्यावर काळी रेघ, त्याला काहीच दिसत नाही. तो 'छान' म्हणून मोकळा होतो.

शहापूरहून

शेऱ्यांबद्दल. चित्रासोबत तीन गोष्टी लिहा: किती वेळ, कशावरून, आणि एक प्रश्न. 'कसं वाटलं' हा प्रश्न नव्हे. 'उजव्या पायावर भार दिसतो का?' हा प्रश्न.

उत्तर देणाऱ्यानं वेळ आधी बघावी. ३० सेकंदांच्या स्केचला 'डोळे राहिले' म्हणणं म्हणजे भाताला मीठ कमी म्हणण्याऐवजी ताट पितळेचं का नाही असं विचारणं. आधी चित्र नखाएवढं लहान करून बघा. तेवढ्यात पोझ कळली तर रेघांचे दोष किरकोळ. नाही कळली तर तेच सांगा, बाकी राहू दे.

दुरुस्ती दाखवायची तर मूळ चित्राला हात लावू नका. वर नवा लेयर, लाल रंग, निम्मी पारदर्शकता, आणि एकच चूक. सगळं अंग पुन्हा काढून दिलं की त्याचं चित्र राहतच नाही, तुमचं होतं. शिवाय मूळ २ मिनिटांचं असेल तर तुमची लाल दुरुस्तीही २ मिनिटांतच व्हायला हवी. वीस मिनिटं बसून केलेली दुरुस्ती दाखवून काय सिद्ध होतं?

आपल्या गटांत कन्नड मित्र असतातच. 'छलो ऐती' (चांगलं आहे) आलं की खूश होऊन थांबू नका, कुठं ते विचारा. 'कै सण्ण आगैती' हा शेरा त्याच्या दहापट मोलाचा. हात लहान झालाय, मोजून बघता येतं: मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचा पंजा हनुवटीपासून कपाळापर्यंत साधारण पुरतो.

बेळगाव किल्ल्याजवळून

माणसं सोडून वास्तूंबद्दल. किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या (बांधकाम १२०४ चं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं) छताचं कमळ १० मिनिटांत काढायला बरेच जण बसतात आणि पाकळ्यांत अडकतात. पाकळ्या ७२ सांगतात. एकेकीला ५ सेकंद दिले तरी ६ मिनिटं तिथंच गेली. आधी खालून दिसणारी वर्तुळं लंबगोल करा. मान वर करून तिरकं बघत असाल तर ती गोल नसतातच, आणि इथंच सगळ्यांचं चित्र चपटं होतं. मग मधला लोंबता भाग, मग उजेडाकडच्या सात-आठ पाकळ्या पुऱ्या, उरलेल्या नुसत्या सावलीच्या पट्ट्या.

सिमेट्रीचं टूल (एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारं) वापरायचं का यावर दरवेळी भांडण होतं. सरळ खालून काढलं तर वापरा की. तिरक्या कोनातून चालणारच नाही, जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते, टूल दोन्ही सारख्या करून ठेवतं.

चिकोडीहून

वरच्या अर्ध्या तासाच्या वाटणीशी थोडा वाद आहे. रोज ३० सेकंदांचीच दहा-दहा केली की हाताला खरडायची सवय लागते, एका रेघेऐवजी केसांसारख्या आठ. आठवड्यातून एकदा तरी एकच पोझ २० मिनिटं धरा.

आणि कोणी किती वेळात काढलं याचा पुरावा म्हणून टाइमलॅप्स (चित्र काढतानाचा ॲपनं केलेला वेगवान व्हिडिओ) मागू नका. बहुतेक ॲप रेघ पडते तेव्हाच चित्रण करतात, हात थांबलेला वेळ त्यात येत नाही. १५ मिनिटं विचार करून काढलेलंही २ मिनिटांचंच दिसतं.

टिळकवाडीहून, पुन्हा

केसांसारख्या रेघा मान्य. त्यावर उपाय: ब्रश २५ चा करा आणि मनगट काचेवरून उचलून कोपरातून हात फिरवा. मोबाइलवर तेवढी जागा नसते, तिथं एका कॅनव्हासवर चार चौकोन न पाडता एकच चित्र काढा.