मदत हवी आहे: 'टेम्पल ऑफ डूम' मुलांना दाखवताना काय सांगावं?

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' (1984) हा हॉलिवूडचा साहसपट बघायचाय. मी आधी पूर्ण बघून घेतला. छातीतून हृदय उपटतात तो प्रसंग गाळणार आहे. अमेरिकेत त्याच वर्षी पीजी-13 श्रेणी (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारी) आली ती उगाच नाही. पण राजवाड्यातल्या मेजवानीचं काय करू? माकडाचा मेंदू, डोळे तरंगणारं सूप, आणि भारतीय पाहुणे मिटक्या मारत खातायत! कालीमाता तर निव्वळ नरबळी मागणारी. मी वाचलेल्या पालकांसाठीच्या सूचनांत रक्त, किडे, मारामारी सगळं होतं, या चित्रणाबद्दल अवाक्षर नाही. सिनेमा बंद करायचा नाहीये, लांबलचक व्याख्यानही नको. मुलांसोबत पाहिलेल्यांनी सांगा: आधीच बोललात की तिथेच थांबवून? आणि नेमकं काय सांगितलंत?