‘इम्प्लिसिटली’ म्हणजे ‘गर्भितपणे’? मला नाही पटत

परभणीचा शिक्षक: अकरावीच्या वह्या तपासत होतो. ‘आय ट्रस्ट हिम इम्प्लिसिटली’चं भाषांतर एका मुलीनं ‘मी त्याच्यावर गर्भितपणे विश्वास ठेवते’ असं केलंय. शब्दकोश पाहून लिहिलंय, तिचा दोष नाही. पण इथं झाकलेलं, न बोललेलं काहीच नाही. ‘डोळे झाकून विश्वास ठेवते’, बस्स. या शब्दाचे दोन अर्थ आहेत: तोंडानं न सांगता सुचवलेलं, आणि मनात जराही शंका न ठेवता. ‘गर्भितपणे’ वर्गातून काढूनच टाकावा.

लातूरची अनुवादक: सर, दुसऱ्या अर्थाचं शंभर टक्के मान्य. पण ‘गर्भित’ काढू नका! मूळ लॅटिन ‘इम्प्लिकारे’ म्हणजे आत गुंतवणं, घडी घालणं. अर्थ पोटात आहे, तेच गर्भित. याहून नेमका शब्द दाखवा.

परभणीचा शिक्षक: नेमका असेल, पण बोलतं कोण? मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणत उठले, की घरातली आजी ओळखते. ती म्हणते, ‘तोंडानं नाही म्हणले न्हाईत, पण सांगून गेले.’ मराठी ही आहे.

अंबाजोगाईची वकील: दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. गप्प राहणं वेगळं, सुचवणं वेगळं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ९ प्रमाणे शब्दांत दिलेलं वचन ‘एक्स्प्रेस’, शब्दांवाचून दिलेलं ‘इम्प्लाइड’. पाडवा उलटला, मालक बटईबद्दल, म्हणजे पिकातल्या वाट्यावर जमीन कसायला देण्याबद्दल, काही बोलला नाही. पण बटईदारानं नांगरट केली आणि मालकानं बियाण्याचे अर्धे पैसे दिले. होकार वागण्यातून आला. तोच मालक गावातच नसता, तर त्याच्या गप्प राहण्यातून काय काढणार? ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं लावलेला अर्थ म्हणजे ‘इन्फर’ करणं. त्याचं ओझं बोलणाऱ्यावर टाकू नये. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं इथंच सुरू होतात.

लातूरची अनुवादक: मग या बटईला ‘गर्भित करार’च म्हणावं लागेल ना, सर?

परभणीचा शिक्षक: कागदावर म्हणा, तिथं माझी हरकत मागे. वकीलताई, बटईचं उदाहरण उद्याच वर्गात घेतो. त्या मुलीच्या वहीत मात्र ‘गर्भितपणे’ खोडून ‘डोळे झाकून’ लिहिलंय. गुण कापले नाहीत.