घरच्या उद्योगासाठी एआय : दोन लाख कुठे घालावेत, कुठे नकोत? सल्ला हवा

आंबापोळी_गुहागर
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमची शंभरेक हापूसची कलमं आहेत आणि घरचाच छोटा उद्योग आहे. आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कोकम आगळ असं करतो. मे महिन्यात माझ्यासोबत सहा जणी कामाला असतात. सगळं वजा जाता दोन लाख हातात राहिलेत. ते ड्रायरसाठी बाजूला ठेवले होते, कारण 2025 च्या मेमध्ये पाऊस इतका लवकर आला की वाळत घातलेल्या पोळ्यांची ताटंच्या ताटं बुरशीने गेली.

आता त्या पैशांवरून घरात तीन मतं आहेत. धाकटे दीर व्हॉट्सॅपवरच्या एका ग्रुपमध्ये आहेत. तिथला ‘एआय रोबो’ रोज सकाळी शेअर सांगतो आणि महिन्याला 12 टक्के मिळतात म्हणे. शेअर बाजारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा व्हिडिओही त्यांनी दाखवला. दुसरं, चिपळूणहून एक जण येऊन गेला. वर्षाला 38 हजारांत ‘एआय पॅकेज’ देतो. गिऱ्हाइकांना आपोआप उत्तरं, जाहिराती, हिशेब, सगळं त्यात. तिसरं, सासऱ्यांना कोणी सांगितलं की सरकारच्या ॲपमध्येही आता एआय आलंय. त्याचा बागेला आणि विम्याला उपयोग होतो का, हे त्यांना हवंय.

मला यातलं फार कळत नाही, पण हे पैसे सहा जणींच्या घामाचे आहेत. म्हणून विचारतेय.

देवगडचो
बाये, आधी दिराक त्या ग्रुपातसून भायर काढ. माझ्या मावसभावाक असोच ग्रुप गावलो होतो. पयल्यांदा पाच हजार घातल्यान, चार दिसांनी साडेसहा परत इले. मगे धीर इलो आणि कलमांचे सगळे पैसे घातल्यान. काढूक गेलो तर ‘आधी टॅक्स भरा’ म्हणान सांगूक लागले. अजून एक पैसो परत मिळाक नाय.

निवृत्त_रोखपाल
ताई, मी रत्नागिरीत बँकेत होतो. वरच्या अनुभवाला माझा पूर्ण दुजोरा.

व्हिडिओवर अजिबात जाऊ नका. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, स्वतः इशारा दिला होता की त्यांच्या प्रमुखांचा चेहरा आणि आवाज वापरून शेअर सुचवणारे बनावट व्हिडिओ फिरतायत. ओठ हलतात, आवाज तोच, आणि माणूस तिथे नसतोच.

दिरांना तीन गोष्टी विचारा. सल्ला देणाऱ्याचा सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक काय? तो सेबीच्या संकेतस्थळावर सापडतो का? पैसे कुठल्या खात्यात जातायत? ऑक्टोबर 2025 पासून सेबीने नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंडांसाठी वेगळे यूपीआय पत्ते सुरू केलेत. त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याचं चिन्ह दिसतं. ‘सेबी चेक’ वर खातं किंवा यूपीआय पत्ता पडताळताही येतो. कुणा भलत्याच माणसाच्या बचत खात्यात पैसे मागत असतील तर पुढचं काही बोलायलाच नको.

एआय गुंतवणुकीत नाही असं मी म्हणत नाही. मोठ्या संस्था वापरतात. कंपन्यांचे अहवाल वाचायला, जोखीम मोजायला, सेकंदाच्या अंशात सौदे करायला. पण त्यांच्याकडे माहिती आणि भांडवल केवढं, आणि आपल्याकडे काय? सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात वायदे बाजारात उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 जण तोट्यात होते. तीन वर्षांत मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. समोर कोण बसलंय ते यावरून समजावं. सेबीचा नियमही असा आहे की नोंदणीकृत सल्लागार एआय वापरत असेल तर किती आणि कसा, हे त्याने ग्राहकाला सांगायचं, आणि सल्ल्याची जबाबदारी त्याचीच राहते. ग्रुपवरचा रोबो कुणाची जबाबदारी?

पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजून गप्प बसलेले मी खूप पाहिलेत.

दापोली_कृषी
बागेचं मी सांगतो.

हवामानाच्या अंदाजात एआयने खरंच फरक पडलाय. 2025 च्या खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयाने 13 राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना एआयवर आधारलेले मान्सूनच्या आगमनाचे अंदाज एसएमएसने पाठवले. ते खरिपाच्या पेरणीसाठी होते, पण तुमच्या ताटांचं दुखणं त्याच जातीचं आहे. पाऊस चार दिवस आधी कळला तर पोळ्या वाचतात.

सासरे म्हणतात ते राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार ॲप असावं. ते मराठीत आहे, फुकट आहे, उतरवून घ्या. सासऱ्यांना बोलून प्रश्न विचारू द्या.

मात्र मोहोराचा फोटो काढून औषध ठरवू नका. गेल्या वर्षी एका खाजगी ॲपने आमच्या शेजाऱ्यांना करपा सांगितला. त्यांनी बुरशीनाशक मारलं. प्रत्यक्षात ती तुडतुड्यांच्या चिकट्यावर धरलेली काजळी होती. फवारणी फुकट, मोहोर गेला. पान उलटून बघणारा माणूस हवाच. दापोलीचं विद्यापीठ किंवा वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, कुठेही फांदी घेऊन जा.

विम्याबद्दल मोठा गैरसमज आहे. मूळ फळपीक विमा तुमची कलमं बघतच नाही. तो तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदी बघतो. अवकाळी पाऊस, कमी किंवा जास्त तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं तर भरपाई. म्हणजे कुठलंही ॲप तुमचा दावा वाढवून देणार नाही. केंद्र कुठे आहे, चालू आहे का, हे विचारा. समुद्राकाठचं केंद्र आणि घाटाकडची बाग यांची हवा एक नसते. त्यावर लेखी तक्रार करणारे फार थोडे आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तारकर्ली_न्याहारी
माझी न्याहारी-निवास योजनेतली चार खोल्यांची जागा आहे. 38 हजारांचं पॅकेज घेऊ नका, निदान यंदा तरी. त्यातलं बरंचसं काम फोनवरच्या फुकटच्या एआयने होतं. पुण्याचं गिऱ्हाईक मराठीत विचारतं, सुरतचं गुजरातीत, बेंगळुरूचं इंग्रजीत. मी मराठीत सांगते, ते त्या त्या भाषेत लिहून देतं. रोजचा तास वाचतो.

पण गिऱ्हाइकाला परस्पर उत्तर पाठवायचा अधिकार मी त्याला दिलेला नाही. एकदा त्याने लिहिलं की आगळ म्हणजे साखरेचं गोड सरबत, थेट पाण्यात घालून प्या. आगळात मीठ असतं हो! रक्तदाबवाल्या माणसाने तसं वाचून घेतलं असतं तर? तेव्हापासून घटक, टिकण्याची मुदत आणि दर या तीन गोष्टी मी स्वतः लिहिते. आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते त्यात घालू नका. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि ती माणसं आपल्यावर विश्वास ठेवून नंबर देतात.

पैसे ड्रायरलाच लावा. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख, असं कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे. सहा लाखांचा प्रकल्प धरला तर 2 लाख 10 हजार. स्वतःचा वाटा किमान 10 टक्के, म्हणजे 60 हजार. प्रकल्प अहवालाचा कच्चा मसुदा एआयकडून लिहून घ्या, पण आकडे तुमच्या वहीतले घाला. योजना अजून चालू आहे का, याची तालुका कृषी कार्यालयात आधी चौकशी करा.

मिरकरवाडा_नौका
थोडं वेगळं, पण सरकारचा विषय निघाला म्हणून. आम्हाला मासे कुठे मिळतील त्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राच्या समुद्र माहिती संस्थेकडून येतो. उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यावरून. डिझेल वाचतं, हे कबूल. जानेवारी 2025 पासून अनधिकृत मासेमारीवर ड्रोनचीही नजर आहे. लहान नौकावाल्यांना ते हवंच होतं. सिंधुदुर्गात तर मार्व्हल या राज्य सरकारच्या एआय कंपनीच्या मदतीने जिल्हा कारभारातच एआय आणलंय.

माझं म्हणणं एवढंच की यंत्राच्या नोंदीवरून नोटीस आली किंवा अर्ज नाकारला, तर कारण लेखी मागा आणि सही कोणाची ते बघा. ताई, अनुदानाचा अर्ज ऑनलाइन अडकला तर हेच करा. पोचपावतीचा कागद जपून ठेवा.

आंबापोळी_गुहागर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दिरांना धागा वाचून दाखवला. त्यांनी पाच हजार आधीच घातले होते, आम्हाला सांगितलं नव्हतं. काढायला गेले तर ‘प्रक्रिया शुल्क’ मागितलं. रात्रीच 1930 वर तक्रार केली. ते फार खचलेत, पण बाकीचे पैसे शाबूत आहेत.

चिपळूणवाल्यांना नको म्हणून कळवलं. सोमवारी कृषी कार्यालयात जातेय, सोबत आमच्यातल्या दोघी येणार आहेत. दापोली_कृषी, ड्रायरमध्ये आंबापोळीला तापमान किती ठेवायचं? मी एआयला विचारलं तर 80 अंश म्हणालं, मला पटेना.

दापोली_कृषी
पटलं नाही ते बरोबरच. 80 ला रंग काळवंडेल आणि वरचा थर कडक होऊन आत ओल राहील. 50 ते 60 च्या मध्ये ठेवा, थर पातळ घाला. पहिली बॅच एकाच ताटाची करून बघा आणि इथे कळवा.

देवगडचो
दिराक सांग, घाबरू नको म्हणान. मावसभावाचो नंबर खाजगी निरोपात देतंय, तेच्यावांगडा बोलूक सांग.