बर्फ नाही, पण धुकं आहे की!

बर्फातल्या ग्रुप राइडचे फोटो बघून 'आपल्याकडे बर्फच नाही, मग थंडीत सायकलिंग म्हणजे नुसती मजा' असं एकानं लिहिलंय आणि जाड स्वेटर घालायचा सल्लाही दिलाय. मजा आहेच ओ, पण एवढं सोपं नाही. डिसेंबरात पहाटे बेळगावजवळच्या पिरनवाडीहून जांबोटी रस्त्याला लागा. किणयेच्या पुढं धुकं सुरू होतं आणि कुसमळीला मलप्रभेच्या पुलावर तर पुढच्या सायकलचा लाल दिवा नुसता गुलाबी ठिपका दिसतो. हात दाखवून खड्डा सांगायची पद्धत तिथं बिनकामाची. आम्ही सरळ ओरडतो, "खड्डाऽऽ, डावीकडं!" आणि दोन सायकलींतलं अंतर दुप्पट ठेवतो.

त्यात गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मागच्या हिवाळ्यात मी स्वतः अशा एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो. बाहेर लोंबणारा ऊस हेल्मेटला घासून गेला. तेव्हापासून उजाडल्याशिवाय आम्ही मोठ्या रस्त्यावर येत नाही.

जाड स्वेटरचा सल्ला मात्र पटला नाही. चढाला घामानं भिजतो आणि उताराला तोच ओला स्वेटर छातीला गार चिकटतो. त्यापेक्षा पातळ जॅकेट घ्या आणि उतार लागायच्या आधी आत छातीवर कालचा पेपर घडी करून सरकवा. घाटात उतरणारे युरोपातले शर्यतपटूसुद्धा पूर्वापार हेच करत आलेत. जांबोटीत चहाला थांबलो की पेपर बाहेर, अर्धा दमट, आणि कोडं सोडवायला कुणीतरी मागतोच.