मदत हवी आहे: थंडीत ४८ टक्के कॉस्टिक लाय गोठते, ट्रेसिंग करावे की पातळ करून साठवावे?

नाशिकच्या एमआयडीसीतील डीएम प्लांट (पाण्यातील क्षार काढणारा). ४८ टक्के कॉस्टिक लाय (सोडियम हायड्रॉक्साइडचे पाण्यातील द्रावण) एमएस (माइल्ड स्टील) टाकीत असते आणि दीड इंची एमएस लाइनने डोझिंग पंपाकडे जाते. या तीव्रतेची लाय साधारण १० ते १२ अंशांना स्फटिक धरू लागते, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे लाइन चोक होते.

पहिला पर्याय इलेक्ट्रिक ट्रेसिंगचा, म्हणजे लाइनला तापणारी विद्युत केबल लावण्याचा. लाय २५ अंशांवर राहिली की पुरे. पण थर्मोस्टॅट अडकून तापमान ५०च्या पुढे गेले, तर स्ट्रेस रिलीव्ह न केलेल्या (उष्णता देऊन आतला ताण न काढलेल्या) वेल्डपाशी कॉस्टिक क्रॅकिंगची (कॉस्टिकमुळे स्टीलला तडे जाण्याची) भीती. सेल्फ रेग्युलेटिंग केबल (तापमान वाढले की आपोआप कमी उष्णता देणारी) यावर पुरेशी आहे का, की वेगळा हाय टेंपरेचर कटआउट लागेलच?

दुसरा पर्याय २० टक्क्यांवर आणून साठवण्याचा. मग गोठण्याचा प्रश्नच उरत नाही, पण १००० किलो लायला १४०० लिटर पाणी लागते आणि मिश्रण चांगलेच तापते. आधी पाणी, त्यात सावकाश लाय, हा क्रम माहीत आहे. एचडीपीई (प्लास्टिक) टाकी ती उष्णता सोसेल, की कूलिंग कॉइल लागेल?

गॅस्केट पीटीएफई (टेफ्लॉन) आणि ईपीडीएम रबराचे आहेत (व्हायटॉन रबर कॉस्टिकमध्ये टिकत नाही). फ्लॅंज गार्ड (पाइपच्या जोडांवरील आवरण), आयवॉश, शॉवर आहेत. ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड काही नाही, लायशी क्रिया होऊन निघणाऱ्या हायड्रोजनची कटकट नको.

चोक लाइनवर मधोमध वाफ सोडण्याचा सल्ला कृपया देऊ नका. दोन गोठलेल्या भागांत अडकलेली लाय प्रसरण पावून फ्लॅंजमधून तोंडावर उडते. ज्यांच्याकडे यांपैकी काही चालू आहे, त्यांनी केबलचे वॅट प्रतिमीटर आणि इन्सुलेशनची जाडी कळवावी.